हवा चाखणारे गृहस्थ

वैशाखात विहिरींचे पाणी तळाशी गेले म्हणजे गाळ उपसण्याची कामे निघतात. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या घरामागील जुन्या विहिरीचे असेच काम निघाले होते. दोन वर्षे ती वापरात नव्हती. तोंडावर फळ्या टाकलेल्या होत्या. फळ्या काढल्या, दोघे गडी दोर आणि टोपल्या घेऊन काठावर आले, आणि तेवढ्यात आमचे थोरले काका घरातून पेटता कंदील घेऊन बाहेर पडले. भर सकाळी कंदील पाहून गड्यांना हसू आले. काकांनी काही न बोलता कंदील दोरीला बांधला आणि हळूहळू आत सोडला. निम्म्यावर जाईपर्यंत ज्योत नीट होती. मग ती बारीक झाली आणि विझली. वाऱ्याने विझली असेल, असे एक गडी म्हणाला. काकांनी तो वर ओढून पुन्हा पेटविला, पुन्हा सोडला. पुन्हा त्याच दगडापाशी विझला.

"विहिरीला अजून श्वास आलेला नाही," काका म्हणाले, "आज कोणी उतरायचे नाही."

गड्यांचा दिवस बुडाला, म्हणून ते कुरकुरले. काकांनी त्यांना दिवसाची मजुरी दिली आणि कामही दुसरेच दिले: आंब्याच्या डहाळ्यांचा मोठा भारा दोराला बांधून तो विहिरीत वर-खाली, वर-खाली करीत राहावयाचे.

काकांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. त्यांनी हे त्यांच्या वडिलांकडून घेतले होते. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत. तेथेही पेवाचे तोंड उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. ज्वारीचे पेव असो, हळदीचे असो, की बंद विहीर असो, आतली हवा दिसावयास बाहेरच्यासारखीच असते. तिला रंग नाही, बहुधा वासही नाही. असे असता धडधाकट माणूस हाकही न मारता खाली का कोसळतो? आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही त्याच्यापाशीच का निजतो?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले, ते एक विलक्षण गृहस्थ होते. वैद्य औषध चाखून पाहतो, तशी हे हवा चाखून पाहत. तीही स्वतःच्या फुप्फुसांनी. त्यांचे नाव जॉन स्कॉट हॉल्डेन. जन्म 1860 साली एडिंबरो येथे, मृत्यू 1936 साली ऑक्सफर्ड येथे. वैद्यकाची पदवी त्यांनी 1884 साली घेतली खरी, परंतु दवाखाना कधी थाटला नाही. डंडी या गिरणगावात ते आणि कार्नेली नावाचे रसायनशास्त्रज्ञ मध्यरात्रीनंतर गरिबांच्या एकखोली घरांची दारे ठोठावीत आणि झोपलेल्या कुटुंबाच्या उशापायथ्याशी उभे राहून बाटल्यांत हवा भरून नेत. अपरात्री दोन सभ्य पुरुष बाटल्या घेऊन दारात उभे आहेत, हे पाहून त्या घरच्या मालकिणीला काय वाटले असेल, याची कल्पना आपण करावी! लंडनच्या पार्लमेंटखालील गटारांची हवाही त्यांनी तपासली, आणि ती लोक समजत होते त्यापेक्षा पुष्कळच स्वच्छ निघाली.

त्या काळी युरोपात एक भीती पसरली होती. 1887 च्या सुमारास ब्राउन-सेकार आणि दार्सोन्वाल या पॅरिसच्या दोन नामवंत विद्वानांनी असे प्रसिद्ध केले की, माणसाच्या उच्छ्वासात एक गुप्त विष असते. गर्दीच्या बंद खोलीत जीव घुसमटतो तो त्या विषाने. उच्छ्वासाची वाफ थंड करून जे पाणी निघते, ते सशांना टोचले असता ससे मरतात, असा त्यांचा दावा होता. मग आईने लेकराला कुशीत घेऊन निजावे की नाही, असा प्रश्न उभा राहतो. हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी लॉरेन स्मिथ यांनी या दाव्याची परीक्षा करावयाचे ठरविले. माणूस उभा राहील एवढी एक हवाबंद पेटी त्यांनी करविली आणि आळीपाळीने तीत जाऊन बसले. दार घट्ट लावून घ्यावयाचे, आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घ्यावयाचा, आणि सोसवेनासे होईपर्यंत बाहेर पडावयाचे नाही. तासांमागून तास गेले. श्वास जड झाला, धाप लागली, डोके ठणकू लागले. परंतु विषबाधा काही झाली नाही. सशांचा प्रयोगही त्यांनी पुन्हा करून पाहिला. ससे सुखरूप राहिले. उच्छ्वासात गुप्त विष नाही, हा निकाल 1893 साली प्रसिद्ध झाला आणि त्या भीतीचा जोर ओसरू लागला.

मला स्वतःला त्या पेटीची गोष्ट दुसऱ्याच कारणासाठी फार मोलाची वाटते. पेटीत दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. प्राणवायू कमी होत होता आणि आपण बाहेर टाकतो तो कार्बन डायऑक्साइड वाढत होता. मग धाप लागत होती ती कशामुळे? कोणीही म्हणेल, प्राणवायू कमी पडला म्हणून. हॉल्डेन यांनी क्षाराच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला आणि प्राणवायू तसाच कमी होऊ दिला. नवल असे की, आता त्या प्रमाणात धाप लागेना. माणूस शांत बसून राही, त्याचे ओठ निळे पडत, विचार मंद होत आणि तो मूर्च्छेच्या काठाशी येई. परंतु आपल्याला काही होत आहे, हे त्याचे त्यालाच कळत नसे.

पुढे 1905 साली हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी या गोष्टीचा पक्का हिशेब मांडला. एका लांब नळीतून जोराने उच्छ्वास सोडावयाचा आणि फुप्फुसाच्या अगदी तळची जी शेवटची हवा येते, तेवढीच पकडून तपासावयाची, अशी त्यांची साधी युक्ती होती. त्या तळच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण शेकडा साडेपाचच्या आसपास असते, आणि ते शेकडा केवळ 0.2 ने वाढले तरी फुप्फुसांत खेळणारी हवा जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे आपल्या श्वासावर एक दक्ष पहारेकरी बसविलेला आहे. पण त्याची नजर मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर आहे. प्राणवायू चोरीला जात असता तो पुष्कळ उशिरापर्यंत ओरडत नाही.

वाचकहो, आपल्याकडील मुलांच्या आयांनी येथे थोडे थांबावे. उन्हाळ्याच्या सुटीत मुले विहिरीत आणि नदीच्या डोहात बुडी मारून कोण अधिक वेळ राहतो, याची पैज लावतात. बुडीपूर्वी काही मुले भराभर दहा-वीस मोठे श्वास घेतात. छातीत जास्त हवा भरून घेतली, असे त्यांना वाटते. वस्तुतः त्यामुळे प्राणवायू फारसा वाढत नाही. बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड. पहारेकऱ्याला जणू झोपेचे औषध दिले जाते. मग पाण्याखाली मुलाला श्वास घ्यावासाच वाटत नाही. आज आपल्याला फार जमते आहे, या आनंदात तो राहतो, आणि प्राणवायू संपताच न धडपडता मूर्च्छित होतो. काठावरच्या सवंगड्यांना वाटते, हा पैज जिंकतो आहे. चांगले पोहणारे मूलच यात सापडण्याचा संभव अधिक, कारण कच्चे मूल एवढ्या खोल जातच नाही.

आता विहिरीकडे वळू. 1895 च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस लंडनच्या पूर्वेस ईस्ट हॅम येथे सांडपाण्याच्या पंपघरात एक कामगार खाली उतरला आणि पडला. त्याला काढावयास दुसरा उतरला, तोही पडला. मग तिसरा, चौथा, पाचवा. पाचही जण दगावले. लंडनमध्ये पोस्टमन्स पार्क नावाची एक लहानशी बाग आहे. दुसऱ्यांसाठी प्राण दिलेल्या सामान्य माणसांच्या नावांच्या फरशा तेथे भिंतीत बसविल्या आहेत. सोबत्याला वाचविण्यासाठी गेलेल्या या चौघांचीही फरशी तेथे आहे. हॉल्डेन यांनी या प्रकरणाची तपासणी केली. त्यांचा निष्कर्ष असा की, मैल्याच्या पाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूने हे मृत्यू घडविले. कुजक्या अंड्यासारखी घाण येते, तोच हा वायू. याचा कपटीपणा पाहा. थोडा असताना त्याची दुर्गंधी असह्य होते. फार झाला म्हणजे तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. घाण येईनाशी झाली, आता हवा सुधारली, असे ज्या क्षणी माणसाला वाटते, तोच क्षण सर्वांत धोक्याचा.

यावरून काकांच्या कंदिलाची थोरवी कळते आणि मर्यादाही. साध्या हवेत शेकडा 21 भाग प्राणवायू असतो. तो 17 च्या आसपास उतरला की ज्योत विझते, आणि त्या वेळी माणूस अजून शुद्धीवर असतो. तेव्हा कंदील विझला तर तेथे जाऊ नये, हे शंभर टक्के खरे. परंतु कंदील पेटता राहिला म्हणून जाण्यास हरकत नाही, हे मात्र खरे नव्हे. विषारी वायू अल्प प्रमाणात असला तरी माणूस मरतो आणि ज्योत खुशाल जळत राहते. शिवाय शौचकूप, गोबरगॅसची टाकी किंवा गटार यांत मिथेन असू शकतो. तेथे कंदील नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण देणे होय.

मिथेनची ओळख हॉल्डेन यांनी आपल्या मुलाला जशी करून दिली, तशी कोणी बाप आज करून देईल असे वाटत नाही. मुलाचे नाव जॅक, पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर भागातील एका कोळशाच्या खाणीत बापाने त्याला नेले. एका ठेंगण्या पोकळीत दोघे रांगत शिरले. वडिलांनी मुलाला छताशी उभे राहून शेक्सपियरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. काही ओळी झाल्या, धाप लागली, पाय लटपटले आणि मुलगा खाली पडला. खाली पडताच तो शुद्धीवर आला, कारण मिथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताशी साचतो आणि जमिनीलगतची हवा चांगली असते. कार्बन डायऑक्साइड याच्या उलट. तो जड, म्हणून विहिरीच्या आणि पेवाच्या तळाशी साचून बसतो. हा धडा मुलगा जन्मभर विसरला नाही. आईला हे घरी सांगितले होते की नाही, ते मला कळले नाही.

तथापि या गृहस्थांनी मुलाला जे दिले, त्याहून कितीतरी अधिक स्वतः घेतले, हे सांगावयास हवे. 1895 साली त्यांनी कार्बन मोनॉक्साइड वायू स्वतः हुंगला. आपल्या रक्तातील तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. त्याला प्राणवायूपेक्षा या वायूचे आकर्षण दोनशेपटींहून अधिक असते. एकदा तो येऊन बसला की प्राणवायूला जागा उरत नाही. हॉल्डेन हातात घड्याळ आणि वही घेऊन बसले. मधूनमधून बोटाला टोचून रक्ताचा थेंब तपासीत आणि लिहीत. एका प्रयोगात त्यांच्या रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग त्या वायूने व्यापला, आणि त्यांना धड चालताही येईना.

याच शोधकार्यात लहान उंदरांचा अभ्यास झाला. उंदीर आकाराने लहान, पण त्याचा श्वास आणि रक्ताचा वेग फार मोठा. म्हणून जो परिणाम माणसावर व्हावयास वीस मिनिटे लागतील, तो उंदरावर एका मिनिटात दिसतो. तेव्हा खाणीत शिरणाऱ्याने लहान जीव बरोबर न्यावा, तो कोलमडताच मागे फिरावे, अशी शिफारस हॉल्डेन यांनी केली. पुढे उंदराऐवजी कॅनरी पक्षी आला, कारण दांडीवरून पडलेला पक्षी चटकन नजरेस येतो. 27 जानेवारी 1896 रोजी वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन 57 माणसे दगावली. हॉल्डेन यांनी प्रेते तपासली आणि दाखवून दिले की, बहुतेकांना स्फोटाने नव्हे, तर स्फोटानंतर पसरलेल्या या वायूने मारले होते. त्यांची कातडी गुलाबी दिसत होती, जणू निजलीच आहेत. ब्रिटनच्या खाणींतून शेवटच्या दोनशेहून अधिक कॅनऱ्यांना निवृत्त करण्याचा निर्णय 1986 साली जाहीर झाला. त्यांची जागा यंत्राने घेतली. काही पिंजऱ्यांवर प्राणवायूची छोटी नळकांडी बसविलेली असे, म्हणजे मूर्च्छित पक्ष्याला पुन्हा जिवंत करता यावे. खाणकामगार त्यांच्याशी शीळ घालून बोलत. हा वायू आपल्याकडेही आहे. ग्वाल्हेर आणि इंदूरकडील आपल्या बांधवांनी थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवून निजू नये. धूर दिसत नाही म्हणून वायू नाही, असे नव्हे.

हॉल्डेन यांचे इतर उद्योग सांगू लागलो तर हा अंक पुरणार नाही. खोल पाण्यातून वर येणाऱ्या पाणबुड्यांचे सांधे का दुखतात, हे शोधण्यासाठी त्यांनी लोखंडी कोठीत बोकड-शेळ्या कोंडून दाबाचे प्रयोग केले, आणि 1908 साली पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने वर यावे असे कोष्टक दिले. 1911 साली ते अमेरिकेतील पाइक्स पीक या चौदा हजार फूट उंच शिखरावर जाऊन राहिले. त्या मोहिमेत मेबल फिट्झजेराल्ड नावाच्या एक बाई होत्या. पुरुषमंडळी शिखरावर राहिली आणि या बाई कोलोरॅडोच्या डोंगरांतील खाणगावांतून एकट्या फिरून लोकांचा श्वास मोजीत राहिल्या. विरळ हवेशी माणूस कसा जुळवून घेतो, याचे त्यांचे आकडे फार मोलाचे ठरले. ऑक्सफर्डमध्ये त्या शिकल्या तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसत. विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली ती 1972 साली, बाई शंभर वर्षांच्या झाल्यावर! पुढल्याच वर्षी त्या वारल्या.

छताशी भाषण म्हणणारा तो मुलगा बापाच्याच वाटेने गेला. 1939 साली 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या उपसागरात बुडून 99 माणसे गुदमरून मेली, तेव्हा त्यांचे काय झाले असेल ते जाणण्यासाठी जे. बी. एस. हॉल्डेन चार सोबत्यांसह पोलादी कोठीत चौदा तासांहून अधिक वेळ बंद होऊन बसले. 1957 साली ते भारतात आले, प्रथम कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत आणि नंतर भुवनेश्वरला. भारताचे नागरिकही झाले. 1 डिसेंबर 1964 रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयास अभ्यासासाठी देण्यात आला.

बापलेकांनी मिळविलेले हे ज्ञान शतकाहून जुने आहे, पण ते आमच्या गटारांच्या तोंडापर्यंत अजून पोहोचलेले नाही. माणसाला संरक्षक साधनांवाचून गटारात किंवा शौचकूपात उतरविण्यास भारतात 2013 च्या कायद्याने बंदी आहे. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंसाठी 30 लाख रुपये भरपाई ठरविली. तरीही ईस्ट हॅमचीच हकीकत नवे गाव, नवी नावे घेऊन वृत्तपत्रांत पुन्हा पुन्हा येते: आधी एक, मग त्याला काढावयास गेलेला दुसरा, मग तिसरा. पुष्कळदा ते भाऊ-भाऊ असतात. आत पडलेला आपला माणूस दिसत असता काठावर उभे राहणे किती कठीण, हे मी जाणतो. पण त्याला वाचविण्याचा मार्ग दोर, बाहेरून जोराने सोडलेली ताजी हवा आणि 112 क्रमांकावर बोलाविलेले अग्निशामक दल हा आहे. त्यांच्याजवळ श्वासाची नळकांडी असतात. आणि उतरण्यापूर्वीच कंबरेला दोर बांधलेला असेल, तर कोणालाच मागून उतरावे लागत नाही.

आमच्या विहिरीत कंदील तिसऱ्या दिवशी तळापर्यंत पेटता गेला. काकांनी तो पाव तास तसाच राहू दिला. मग त्यांनी पहिल्या गड्याच्या कंबरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरे टोक आपल्या मनगटाला गुंडाळून काठावर मांडी घालून बसले. दर थोड्या वेळाने ते त्याच्याशी काहीतरी बोलत: पाऊस कधी येईल, बैल कसे आहेत. आतून उत्तर येई. दुपारी काकूंनी जेवावयास हाक मारली, तेव्हा काका उठले नाहीत. ताट काठावर घेऊन ये, असे त्यांनी मला सांगितले, आणि डाव्या हाताला दोर तसाच ठेवून ते जेवले.